कात्रीबाई आणि थुंकीतलं भविष्य

सरकारी कार्यालयात त्यांना समोर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'कात्रीबाई'. बाईंना हे ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचं काम खरोखरच कात्रीचं होतं. रोजची वर्तमानपत्रं चाळायची, औषधांच्या, टॉनिकच्या, टकलावर केस उगवून देणाऱ्या तेलाच्या जाहिराती कापायच्या, कागदावर डकवायच्या आणि त्यात जे जे अशक्य कोटीतलं असेल त्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारायची. पुढे वर्तमानपत्रं पातळ झाली, जाहिराती फोनमध्ये शिरल्या, कात्री खणात पडून गंजली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत आणि एसीचे गळके नळ. टेबलावर काच, काचेखाली कुठल्या शब्दांवर बंदी आहे त्याचा एक पिवळट कागद: 'हमखास', 'मुळापासून', 'कायमचा', 'चमत्कारिक गुण'. हे शब्द इतकी वर्षं नजरेखालून गेल्यामुळे बाईंच्या बोलण्यातूनसुद्धा हद्दपार झाले होते. "उद्या येणार ना नक्की?" असं कोणी विचारलं तर त्या म्हणत, "शक्यता आहे."

गंमत अशी, की बाईंचं शिक्षण झालं ते जाहिरातींच्या जिवावर. वडील त्या शाळेत असतानाच गेले. जेवता जेवता छातीत कळ आली आणि हातातला घास हातातच राहिला. तेव्हापासून घर ओढलं ते मोठ्या भावानं. दादा पेंटर होते. शिडी लावून भिंतीच्या भिंती रंगवायचे. 'शक्तिवर्धक', 'बुद्धिवर्धक', 'उंची वाढवा' अशी माणसाएवढी अक्षरं ते सुतासारखी सरळ काढत, आणि त्या अक्षरांवर बहिणीची फी भरली जाई. "मी लिहितो, तू खोड. दोघांची पोटं भरतात," असं ते पुढे हसून म्हणायचे. बाईंचं लग्न काही जमलं नाही. दादा-वहिनी खालच्या मजल्यावर आणि बाई वरच्या, असा संसार वर्षानुवर्षं चालू होता. सकाळ-संध्याकाळचा चहा खालीच. बाईंची निवृत्ती तोंडावर आली होती, तरी दादा त्यांना अजून 'छोटी'च म्हणत.

तर अशा या बाईंच्या टेबलावर एक दिवस एक नवीच जाहिरात येऊन पडली.

जाहिरातीत एक पिकल्या केसांचे आजोबा चेंडूला लाथ मारत होते. वर लिहिलं होतं: 'तुमच्या हृदयाचं भविष्य आजच जाणून घ्या.' आणि खाली: 'जनुकं खोटं बोलत नाहीत.' घरी एक खोका येणार, खोक्यातल्या नळीत थुंकायचं, नळी परत पाठवायची. मग मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब, हाडांचा ठिसूळपणा अशा घरोघरच्या आजारांचा तुम्हाला किती धोका आहे त्याचा रंगीत रिपोर्ट फोनवर येणार. हिरवा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे मधला, लाल म्हणजे जास्त.

बाईंनी आयुष्यात साहेबांची थुंकी झेलणारे लोक पुष्कळ पाहिले होते. गिऱ्हाइकाची थुंकी झेलून त्याच्याकडूनच पैसे घेणारी कंपनी त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

त्यांनी पेन्सिल उचलली आणि थबकल्या. रेघ मारायची ती कोणत्या नियमाखाली? कंपनीचं म्हणणं स्पष्ट होतं: आम्ही औषध विकत नाही, उपचार करत नाही, निदानही करत नाही, आम्ही फक्त माहिती देतो. आणि माहितीच्या जाहिरातीवर कात्री चालवायचा अधिकार बाईंच्या कार्यालयाला नव्हता.

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. "बाई, तक्रारी वाढल्यात. एका माणसाचा रिपोर्ट हिरवा आला म्हणून त्यानं साखरेच्या गोळ्या बंद केल्या. यावर नवा नियम लागेल. मसुदा तुम्हीच करा. जाता जाता एक चांगलं काम होऊन जाईल."

'जाता जाता' हे साहेब निवृत्तीबद्दल म्हणत होते, असं बाई धरून चालल्या.

त्या कामाला लागल्या. डॉक्टरांना भेटल्या, प्रयोगशाळेत जाऊन आल्या, न कळलेलं पुन्हा विचारलं. हळूहळू चित्र स्वच्छ झालं. काही दुर्मीळ आजार एकाच जनुकातल्या बिघाडानं होतात. तिथे अशी तपासणी खरंच काही सांगते. पण मधुमेह किंवा हृदयविकार हे असे एका जनुकाचे नसतात. शेकडो जनुकं प्रत्येकी इवलासा धक्का देतात, त्यात खाणं, झोप, वय, बसण्याची सवय, मनाचा ताण. त्यामुळे हिरवा रंग म्हणजे अभय नाही आणि लाल म्हणजे शिक्षा नाही. बाईंनी मसुद्यात हेच मांडलं. 'भविष्य' हा शब्द वापरायचा नाही. तपासणी काय सांगू शकत नाही ते तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापायचं. रंग दाखवायचा तर त्याचा अर्थ शेजारी लिहायचा. आणि सणासमारंभाची भेट म्हणून हा खोका विकायचा नाही.

या शेवटच्या कलमाची शाई वाळते न वाळते तोच दादांच्या लेकीनं आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला दोन खोके भेट पाठवले. खोक्यावर सोनेरी रिबिन होती.

"दादा, हे परत पाठव," बाई म्हणाल्या.

"का? पोरीनं प्रेमानं पाठवलंय."

"याच्यावरच तर मी नियम करतेय."

"मग होऊ दे की नियम. अजून झाला नाही ना? तोवर थुंकून घेतो." आणि दादांनी नळी तोंडाशी धरली.

थुंकणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. नळीवरच्या रेघेपर्यंत फेस सोडून नुसती लाळ भरायची होती. आयुष्यभर 'येथे थुंकू नये' अशा पाट्या रंगवलेल्या दादांना ऐन वेळी तोंडाला कोरड पडली. वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून लाजत लाजत थुंकत होत्या आणि मध्येच "वन्सं, तुम्ही बघू नका हो, मला जमत नाही," असं म्हणत होत्या. शेवटी दादांनी लिंबाचं नाव काढलं आणि दोघांच्याही नळ्या भरल्या.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आले. दादांचं हृदय हिरवंगार. वहिनींचा मधुमेह लालभडक.

दादांचा आनंद गगनात मावेना. ज्यांचे वडील हृदयविकारानं गेले, जे स्वतः रक्तदाबाची गोळी रोज घेत होते, त्या दादांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पास केलं होतं. त्यांनी सकाळचं फिरणं बंद केलं. गोळी एक दिवसाआड केली, मग आठवली की घ्यायची असं केलं, मग आठवेनाशी झाली.

"अरे, बाबा कशानं गेले ते विसरलास का?" बाईंनी विचारलं.

"बाबांची ती जनुकं तुझ्याकडे गेली असणार," दादा निर्धास्तपणे म्हणाले. "माझ्याकडे आईची आलीत. तूच तपासून घे बाई एकदा."

बाईंनी शेकडो जनुकं आणि इवल्या धक्क्यांचं सगळं परोपरीनं समजावून सांगितलं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे, हिरव्याला अर्थ नाही. मग लालला तरी कशाला असेल? जा, तुझ्या वहिनीला सांग की तिचा लाल खोटा आहे."

वहिनींना सांगायला मात्र बाई गेल्या नाहीत.

कारण वहिनींचं भलतंच काही झालं होतं. पहिले दोन दिवस त्या नुसत्या बसून होत्या. तिसऱ्या दिवशी दादांचे धूळ खात पडलेले बूट त्यांनी पुढे कापूस कोंबून पायात घातले आणि दार ओढून बाहेर पडल्या. मग रोजच बाहेर पडू लागल्या. नदीकाठच्या रस्त्यानं पुलापर्यंत जायचं आणि यायचं. चहातली साखर गेली, दुपारची लोळण गेली. गुडघे कुरकुरायचे थांबले. पुलाजवळ त्यांना दोघी-तिघी मैत्रिणी मिळाल्या. त्यात एक निवृत्त परिचारिका होती आणि एक शिवणकाम करणारी. ज्या वहिनी लग्नापासून भाजी आणायलाही कुणाच्या तरी सोबतीनं गेल्या, त्या आता एकट्या जाऊन, घामेजून, लालबुंद होऊन, काहीतरी गुणगुणत परत येत. चेहऱ्यावर असं तेज, की बाईंना वाटे, याचा फोटो कंपनीला मिळाला तर आजोबांचा चेंडू मागे पडेल.

आता अशा माणसाला जाऊन सांगायचं काय? की वहिनी, तुमच्या त्या लाल रंगात फारसा दम नाही? नोकरीत हजारो अर्धसत्यांवर रेघ मारलेल्या कात्रीबाईंनी स्वतःच्या घरातलं हे एक अर्धसत्य तसंच राहू दिलं. रोज सकाळी दाराशी वहिनींचे बूट वाजले की वरच्या मजल्यावर त्यांना अपराधी वाटे, आणि बरंही वाटे.

यथावकाश मसुद्यावर सुनावणी ठेवली गेली. सभागृहात ध्वनिक्षेपक किंचाळत होता, प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची बाटली होती. मधोमध साहेब, शेजारी कागद घेऊन बाई. कंपनीकडून त्यांच्या कायदा विभागाच्या मॅडम आल्या होत्या. तरुण, नम्र, आवाज असा मऊ की विरोध करणाऱ्यालाच आपण उद्धट आहोत असं वाटावं.

"लोकांना आपल्या शरीराबद्दल जाणून घ्यायचा हक्क आहे," मॅडम म्हणाल्या. "त्यांना कळणार नाही असं समजणं हा त्यांचा अपमान नाही का? आमच्या एक समाधानी ग्राहक इथे आल्या आहेत. त्यांनी आमच्या साइटवर अभिप्राय लिहिला होता. त्यांचंच ऐकू या."

मागच्या रांगेतून समाधानी ग्राहक उठल्या. इस्त्रीची साडी, पायात दादांचे बूट.

"अगंबाई, वन्सं!" वहिनी माईकमध्येच म्हणाल्या. "तुम्ही इथे असता होय?"

सभागृहात खसखस पिकली. बाईंचे कान तापले. त्या उठून म्हणाल्या, "साहेब, या माझ्या भावजय आहेत. हे नोंदवून घ्यावं. पाहिजे तर मी बाहेर बसते."

"बसा हो बाई," साहेब म्हणाले. त्यांना सकाळपासून पहिल्यांदाच मजा येत होती. "बोला ताई तुम्ही."

वहिनी बोलल्या. लाल रंग कसा आला, बूट कसे घातले, पुलापर्यंत पहिल्यांदा गेल्या तेव्हा कसं वाटलं. साधं, सरळ, एकही शब्द वाढवून नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान पसरत गेलं. बाईंच्या मसुद्याची पानं बाईंच्याच हातात मऊ पडली. इतकी खरी जाहिरात त्यांच्या टेबलावर कधी आलीच नव्हती.

"छान," साहेब म्हणाले. "आणि तुमच्या यजमानांनी पण केली का तपासणी?"

"केली की. त्यांचा हिरवा आला."

"मग ते काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार?" वहिनी म्हणाल्या. "ते आडवे असतात. हिरवा आल्यापासून फिरणं बंद, गोळी बंद. परवा जिना चढताना धाप लागली तर म्हणाले, जिनाच उंच झालाय."

मॅडमनी घाईनं आभार मानले. पण वहिनींना कुणीतरी पहिल्यांदाच माईक दिला होता. त्यांनी तो सोडायला जरा वेळ घेतला. "दोघांनाही हिरवा आला असता ना साहेब, तर आम्ही दोघंही आडवेच," एवढं बोलून त्या बसल्या. दुसऱ्या दिवशी कंपनीनं त्यांच्या बोलण्याचा पहिला अर्धा भाग आपल्या साइटवर टाकला. साहेबांनी दुसरा अर्धा भाग अहवालात घातला. संपूर्ण वहिनी कुणालाच नको होत्या.

त्याच आठवड्यात दादा न्हाणीघराच्या दाराशी खाली बसले. घाम, छातीत दाब, डावा हात जड. बाई कार्यालयातून थेट दवाखान्यात पोचल्या. तोवर वहिनींच्या मैत्रिणीनं, त्या निवृत्त परिचारिकेनं, धावपळ करून दादांना आत नेलंही होतं. रक्तवाहिनीत जाळी बसवावी लागली. वडिलांचा तो हातात राहिलेला घास बाईंना बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या बसल्या पुन्हापुन्हा दिसत होता. त्यांनी मसुद्यात 'हिरवा म्हणजे अभय नव्हे' असं लिहिलं होतं, पण भावाच्या हातात रोज गोळी ठेवायचं काम केलं नव्हतं. वाद जिंकण्यात दिवस घालवले होते, आणि तेही न जिंकता.

दादा शुद्धीवर आले, नळ्यांमधून त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

"दादा, आता तरी पटलं का?" बाईंनी विचारलं.

"पटलं," दादा क्षीण हसले. "हिरवा होता म्हणून वाचलो, छोटे. पिवळा असता तर गेलोच होतो."

बाई रडल्या, आणि रडता रडता त्यांना हसू फुटलं. नर्सनं दोघांनाही गप्प केलं.

दादा घरी आले. गोळ्यांचा डबा आता वहिनींच्या ताब्यात गेला. इकडे मसुदा वर गेला. एका समितीनं 'भविष्य' शब्दावरची बंदी काढली, कारण तो शब्द विमा कंपन्याही वापरतात. दुसरीनं भेटवस्तूचं कलम काढलं, कारण भेट ही खासगी बाब आहे. रंगांच्या अर्थाचं कलम 'अधिक विचारार्थ' बाजूला ठेवलं, म्हणजे गेलंच. कात्रीबाईंच्या मसुद्यावर अशी चौफेर कात्री चालून शेवटी उरलं ते एकच वाक्य, जाहिरातीत ठळकपणे छापायचं: 'हा अहवाल म्हणजे निदान नव्हे. औषधोपचारात बदल करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.'

"काहीच नसण्यापेक्षा बरं," साहेब म्हणाले. त्यांची त्याच महिन्यात बढती झाली.

कंपनीनं नियमाचं जोरात स्वागत केलं. बाईंचं वाक्य त्यांनी नुसतं ठळक नाही, तर निळ्या चौकटीत, सुबक अक्षरात, पानाच्या माथ्यावर छापलं आणि शेजारी लिहिलं: 'शासकीय नियमांचं काटेकोर पालन करणारी पहिली कंपनी.' लोकांना वाटलं, सरकारनंच शिक्का मारलाय. खोके पूर्वीपेक्षा जास्त खपू लागले. लहानसहान स्पर्धक वाक्य छापायला विसरले म्हणून दंड भरून गाशा गुंडाळून गेले. मॅडमनी निवृत्तीच्या दिवशी बाईंना फुलं पाठवली. "तुमच्यामुळे बाजाराला शिस्त लागली," असं सोबत लिहिलं होतं. फुलं चांगली होती. बाईंनी ती ठेवून घेतली.

निवृत्तीनंतर वरच्या मजल्यावर दिवस मोठा वाटू लागला होता. अशाच एका सकाळी वहिनी बूट घालून वर आल्या आणि त्यांनी फोन पुढे केला. कंपनीचा निरोप होता: नव्या संशोधनानुसार आपला अहवाल अद्ययावत करण्यात आला आहे. मधुमेहाचा धोका: सरासरी. रंग पिवळा. थुंकी तीच, वहिनी त्याच, फक्त हिशोब बदलला होता.

"म्हणजे आता काय वन्सं? मला काही होतंच नव्हतं का?"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. आज त्यांनी काही राखून ठेवलं नाही. लाल आला तेव्हाही त्यात फार अर्थ नव्हता, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण तुम्ही इतक्या खुशीत होता की सांगवलं नाही, असं सगळं बोलून टाकलं आणि मान खाली घातली.

वहिनी हसल्या. "एवढंच ना? मला काय ठाऊक नव्हतं? त्या परिचारिका बाईंनी मला पुलावर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की या रिपोर्टवर फार जाऊ नका."

"मग तुम्ही एवढ्या..."

"अहो वन्सं," वहिनींनी आवाज खाली आणला, "इतकी वर्षं मला वाटायचं, सकाळी जरा एकटीनं बाहेर पडावं. पण 'मला फिरून यायचंय' म्हटलं की तुमचे दादा विचारणार, कशाला? चहा कोण करणार? आणि त्या 'कशाला'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'लाल आलाय' म्हटलं आणि त्यानंतर घरात कुणी एक शब्द विचारला नाही."

खालून दादांची हाक आली. दोघी खाली उतरल्या. दादा गोळी घेऊन, चहाची वाट बघत पेपर उघडून बसले होते.

"काय गं, तुझा फोन वाजला होता मघाशी. कंपनीचंच काहीतरी होतं ना? काय म्हणतात?"

वहिनी बुटाची नाडी बांधायला वाकल्या. त्यांनी वर पाहिलंच नाही.

"लालच आहे," बाई म्हणाल्या. "उलट जरा गडद झालाय."

"अरे बाप रे! मग हे चालणं किती दिवस?"

"कायमचं," बाई ठामपणे म्हणाल्या. "हमखास. चहा आज तू कर."